टाळी आधी पडते, आवाज नंतर येतो: घरच्या व्हिडिओतला आवाज का सरकतो आणि कसा बसवायचा

शेरीतल्या गरब्याचा व्हिडिओ सुरुवातीला ठीक चालतो. पाचव्या मिनिटाला काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते कळत नाही. दहाव्या मिनिटाला त्रण ताळीचा, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा येतो आणि मग शंकेला जागा उरत नाही. हात जुळतात एका क्षणी, टाळी ऐकू येते दुसऱ्याच क्षणी. माइकवर गाणाऱ्या बाईंच्या ओठांवर एक शब्द आणि कानावर भलताच. मग बहुतेक जण आवाजाची पट्टी पकडतात, डोळ्याला बरं दिसेपर्यंत डावीउजवीकडे सरकवतात आणि जमलं म्हणून सोडून देतात. पंधराव्या मिनिटाला दुखणं परत हजर. पुढच्या गणपतीत आरतीच्या व्हिडिओत पुन्हा तेच.

‘आवाज सरकला’ ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे निदान पाच वेगवेगळे दोष असू शकतात. पट्टी सरकवून त्यातला एकच बरा होतो, बाकीचे नुसते पुढे ढकलले जातात. म्हणून पट्टीला हात लावायच्या आधी मोजायचं. मोजायला दहा मिनिटं लागतात. न मोजता बसवायला घेतलं तर अख्खा रविवार जातो आणि तरी काम अर्धवटच राहतं.

दोष फाइलमध्येच आहे ना?

ब्लूटूथचे इअरफोन आधी बाजूला ठेवा. त्यांच्यात आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. तयार व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप चित्रही तेवढंच थांबवतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. एडिटिंगची अ‍ॅप अशी दुरुस्ती करतीलच असं नाही. परिणामी व्यवस्थित असलेला आवाज माणूस पाच-सहा फ्रेम (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) ‘सुधारून’ बिघडवून ठेवतो आणि टीव्हीवर लावल्यावर कपाळाला हात लावतो. एडिटिंगला वायरचा साधा इअरफोन घ्या, नाहीतर लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर चालेल.

दुसरा संशयित म्हणजे लॅपटॉपचा दम. ४के चित्रण जुन्या मशीनवर टाइमलाइनमध्ये अडखळत चालतं, त्यामुळे आवाज सुटल्यासारखा वाटतो. यावर उपाय सोपा आहे. एक मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करून व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा. तिथे टाळी बरोबर पडत असेल तर फाइल निरोगी आहे. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची कमी रिझोल्यूशनची हलकी प्रत बनवून काम करा आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

आता मोजमाप

व्हीएलसीत इंग्रजी ‘जे’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद लवकर येतो, ‘के’ दाबलं की तेवढाच उशिरा. पडद्यावर आकडा दिसत राहतो. मूळ फाइल, म्हणजे एडिट न केलेली, सुरुवातीच्या मिनिटाला लावा. टाळी बसेपर्यंत जे किंवा के दाबा आणि आकडा कागदावर लिहा. मग मध्यावर जाऊन तेच करा, मग शेवटच्या मिनिटाला. तीन जागा, तीन आकडे.

व्हीएलसीत अडचण अशी की कॅमेऱ्याची फाइल तिथे अनेकदा बरोबरच दिसते आणि एडिटिंगमध्ये मात्र सुटते. हा फरक स्वतःच एक निदान आहे, त्याकडे पुढे येऊ. अशा वेळी टाइमलाइनवरच मोजावं लागतं. तिथे एकक मिलिसेकंद नसून फ्रेम असतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ३० च्या प्रोजेक्टमध्ये ३३.

मोजायला कुठला क्षण धरायचा? गरब्यात टाळी. आरतीत झांज त्याहून चांगली, कारण तिचा आवाज लाटेच्या आलेखात भिंतीसारखा उभा राहतो. घंटा मात्र घेऊ नका. लोलक आत कधी आपटला ते चित्रात दिसत नाही. झांजेवर थांबा आणि एक-एक फ्रेम पुढे सरका. एका फ्रेममध्ये दोन पितळी वाट्यांमध्ये बोटभर अंतर असेल, पुढच्या फ्रेममध्ये त्या चिकटलेल्या किंवा कडांवर धूसर झालेल्या, त्यापुढच्या फ्रेममध्ये पुन्हा दूर. मधली फ्रेम तुमची. आघात दोन फ्रेमच्या मधल्या वेळेत झाला असेल तर चिकटलेली फ्रेम सापडणारच नाही, मग दोन्हींतली नंतरची धरा. आता खाली आवाजाच्या पट्टीत लाट जिथे एकदम उसळते तिथपर्यंत फ्रेम मोजा. आवाज नंतर असेल तर अधिक, आधी असेल तर उणे.

किती फरक चालवून घ्यायचा? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला की बघणाऱ्याला कळायला लागतं, पण नंतर आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. लांबचा आवाज उशिरा येण्याची कानाला जन्मभराची सवय आहे, दिसण्याआधी ऐकू येण्याची नाही. त्यामुळे शंका असेल तिथे आवाज एक फ्रेम मागे ठेवलेला परवडतो, पुढे ठेवलेला नाही.

आता आकडे वाचू. तिन्ही जागी अधिक ३, अधिक ३, अधिक ३ असं आलं तर फरक स्थिर आहे, तेव्हा सरकवून काम भागेल. शून्य, अधिक ३, अधिक ६ अशी सरळ चढण असेल तर दोन उपकरणांची घड्याळं वेगळी चालत आहेत. शून्य, उणे ४०, शून्य किंवा शून्य, अधिक ९०, अधिक ९५ असं वेडंवाकडं आलं तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम तो आकडा, अस्थिर आहे. मोबाइलच्या चित्रणात हेच सर्वांत जास्त भेटतं. आणि फरक मिनिटागणिक पाचेक सेकंदांनी वाढत असेल, शिवाय गाणाऱ्याचा आवाजही चिरका किंवा घोगरा वाटत असेल, तर सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले त्या आकड्याचा, घोळ आहे.

वेडेवाकडे आकडे: फ्रेम रेट अस्थिर असतो तेव्हा

मोबाइलवर ३० लिहिलेलं असलं तरी तो सेकंदाला ३० च फ्रेम घेईल असं नाही. ३० फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमसाठी शटर जास्तीत जास्त १/३० सेकंद उघडं राहू शकतं. उजेड कमी झाला की मोबाइलला ते पुरत नाही. मग तो गुपचूप २४ वर उतरतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. मांडवातले मोठे दिवे मालवून फक्त माताजींच्या गोखल्यातले (कोनाड्यातले) दिवे राहिले की चित्र काळं न पडता छान सोनेरी येतं, ते याच कारणाने. त्याची किंमत नंतर एडिटिंगमध्ये मोजावी लागते. मोबाइल तापला तरी फ्रेम गळतात. एका दमात अर्धा तास ४के चित्रण केलं की पाठ गरम लागते, तेव्हा समजून घ्या. मेमरी कार्ड संथ असेल तरीही तेच.

प्रत्येक फ्रेमसोबत ती कुठल्या क्षणाची आहे याची नोंद फाइलमध्ये असते. व्हीएलसी ती नोंद पाहून फ्रेम दाखवतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर नोंद न बघता सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने मांडतात. आवाज आपल्या चालीने चालत असतो.

उदाहरण घेऊ. १० मिनिटांची क्लिप. पहिली ९ मिनिटं भरपूर उजेड, सेकंदाला ३० प्रमाणे १६,२०० फ्रेम. शेवटचं एक मिनिट आरतीचं, दिवे मालवलेले, २४ प्रमाणे १,४४० फ्रेम. एकूण १७,६४०. सॉफ्टवेअरने ३० चाच हिशेब धरला तर चित्र ५८८ सेकंदांत संपेल आणि आवाज ६०० सेकंद चालेल. शेवटी १२ सेकंदांचा काळा पडदा आणि त्यावर ‘मंत्रपुष्पांजली’. हा प्रकार निदान लगेच ओळखू तरी येतो. फसवा प्रकार पुढचा आहे. काही सॉफ्टवेअर सरासरी काढतात, इथे ती २९.४. मग चित्र आणि आवाज दोन्ही ६०० सेकंदांतच संपतात. सुरुवात जुळते, शेवट जुळतो, पण नवव्या मिनिटाची फ्रेम ५४० ऐवजी ५५१ व्या सेकंदाला येते. दोन्ही टोकं तपासून ‘बरोबर आहे’ म्हणणारा माणूस इथे हमखास फसतो. मध्यावरही मोजायला सांगितलं ते याचसाठी.

खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल उघडा आणि चित्राच्या विभागात फ्रेम रेट मोड पाहा. तिथे ‘व्हेरिएबल’ असेल तर खाली किमान, कमाल आणि सरासरी आकडेही असतात. मोबाइलच्या जवळपास प्रत्येक फाइलवर व्हेरिएबल लिहिलेलं असतं, त्याने घाबरून जाऊ नका. किमान २९.९ आणि कमाल ३०.१ असेल तर तो फरक नावापुरता. एखादीच फ्रेम अडखळली तरी किमान आकडा खूप खाली दिसतो, म्हणून सरासरीकडे लक्ष द्या. ती २९.९७ किंवा ३० पासून स्पष्टपणे दूर असेल, समजा २८.६, तर गुन्हेगार सापडला.

उपाय: एडिटिंगला बसण्याआधी फाइलचा फ्रेम रेट स्थिर करून घेणं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरना अशी फाइल दिली की ते स्वतःच विचारतात, एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलू का. घाईघाईत ‘नको’ म्हणून पुढे जाणारे बरेच असतात. ‘हो’ म्हणा. बाकी सगळ्यांसाठी हँडब्रेक हे फाइलचं स्वरूप बदलणारं सॉफ्टवेअर, तेही मोफत.

हँडब्रेकमध्ये फाइल टाकल्यावर पहिल्या समरी टॅबमध्ये एमपी४ निवडा आणि ‘अलाइन ए/व्ही स्टार्ट’ वर खूण करा. मग डायमेन्शन्स टॅब. इथे एक खड्डा आहे. क्रॉपिंग ‘ऑटोमॅटिक’ वर असतं आणि रात्रीच्या चित्रणातल्या काळ्या कडांना हँडब्रेक रिकामी पट्टी समजून कापून टाकू शकतं. ते ‘नन’ करा. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४, फ्रेमरेटच्या खान्यात सरासरीच्या जवळचा आकडा, म्हणजे ३० ला घेतलेल्या चित्रणाला ३० आणि २५ ला घेतलेल्याला २५. त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’. सगळा खटाटोप या एका बटणासाठी आहे, आणि मुळात ते दाबलेलं नसतं. गुणवत्तेचा आरएफ आकडा १६ ते १८ ठेवा, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. ‘फास्ट डीकोड’ वर खूण केली तर टाइमलाइनवर फाइल हलकी चालते. ऑडिओ टॅबमध्ये एएसी, २५६ किलोबिट, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. क्लिप अनेक असतील तर एकेक रांगेत टाका आणि रात्री चालू करून झोपा. सकाळी फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी दिसेल. आरएफ १६ ला असं होतंच, काळजीचं कारण नाही. मूळ फाइल मात्र पुसू नका.

३० चं चित्रण २५ मध्ये बदलू नका. आवाज जुळेल, पण दर सेकंदाला ५ फ्रेम टाकून द्याव्या लागतील आणि फिरणारा घेर धक्के खात फिरेल. मूळ २९.९७ असलं आणि तुम्ही ३० निवडलं तरी चालतं, कारण हँडब्रेक नोंदीतली वेळ पाहून लागेल तिथे फ्रेम टाकतो किंवा दुहेरी करतो, लांबी तीच राहते. ०.१ टक्क्याचा घोटाळा होतो तो एडिटिंगमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन हाताने २९.९७ चं ३० केलं तर. १० मिनिटांत ०.६ सेकंद, म्हणजे १८ फ्रेम. तिथे हात घालू नये.

नातेवाइकांच्या क्लिप हा याच दुखण्याचा पोटभेद. दुसऱ्या कोपऱ्यातून आत्याने छान चित्रण केलेलं असतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. तिथे फाइल पुन्हा दाबली जाते आणि चित्र चुरगळतं. तेच चित्रण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं तर जसंच्या तसं येतं, २ जीबीपर्यंत. आल्यावर तीही हँडब्रेकमधून काढा.

पुढच्या वेळी हे होऊच नये म्हणून

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ फ्रेम आणि १/५० चं शटर ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची पूर्ण दोन आवर्तनं येतात. चित्रात पट्टे येत नाहीत आणि फ्रेम रेटही जागचा हलत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो. त्याच पानावर ‘ऑटो एफपीएस’ बंद करा, एचडीआरही बंद. अँड्रॉइडमध्ये प्रो व्हिडिओ असेल तर तिथे, नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप. ते फोनवर चालत नसेल तर ओपन कॅमेरा, पण त्यात आधी सेटिंगमध्ये ‘कॅमेरा-टू एपीआय’ निवडावं लागतं.

फ्रेम रेट आणि शटर असं बांधून ठेवलं की अंधारात मोबाइलकडे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवण्यावाचून मार्ग उरत नाही आणि चित्रात दाणे येतात. येऊ द्या. दाणेदार चित्र पाहुणे दोन मिनिटांत विसरतात, चुकलेली टाळी शेवटपर्यंत टोचत राहते. सजावटीच्या स्वस्त एलईडी माळा मात्र १/५० ला ऐकतीलच असं नाही. त्यांचं लुकलुकणं विजेच्या चालीवर नसून त्यांच्या कंट्रोलरच्या चालीवर असतं. चित्रणाआधी दहा सेकंद घेऊन पाहा आणि पट्टे दिसले तर माळा चौकटीच्या बाहेर ठेवा.

आणि एकच लांब क्लिप घेऊ नका. गरबा अर्धा-पाऊण तास अखंड चालतो हे खरं, तरी चाल बदलते त्या जागी थांबवून लगेच पुन्हा चालू करा. दहा-पंधरा मिनिटांच्या क्लिपमध्ये कुठलाही दोष लहानच राहतो.

सरळ चढण: दोन घड्याळं

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर किंवा दुसऱ्या मोबाइलवर घेतला असेल तर हे होणारच. प्रत्येक उपकरणात एक स्फटिक वेळ मोजतो आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० चा फरक धरला तर तासाला ०.१८ सेकंद, २५ च्या हिशेबाने साडेचार फ्रेम. दहा मिनिटांत एक फ्रेमही नाही. म्हणून वरचा लहान क्लिपचा सल्ला इथेही लागू पडतो. दोन फ्रेमच्या आत असेल तर सोडून द्या.

त्याहून जास्त असेल तर आवाज किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो. समजा ४० मिनिटांच्या चित्रणात सुरुवात जुळली आणि शेवटी आवाज ६ फ्रेम मागे पडला. म्हणजे २,४०० सेकंदांत ०.२४ सेकंद, ०.०१ टक्का. ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळा आवाज निवडून स्पीड बदलायच्या इफेक्टमध्ये जा आणि टक्क्याच्या खान्यात ०.०१० लिहा. आवाज मागे पडत असेल तर अधिक, पुढे पळत असेल तर उणे. टेम्पो बदलायचा इफेक्ट इथे नको. तो सूर जागेवर ठेवायला आवाजाची चिरफाड करतो, आणि ०.०१ टक्क्याने सूर हलला तर तो कुठल्याही तयार कानाला कळणार नाही.

हे मोजता यावं म्हणून चित्रणाच्या सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवतात, ते बहुतेकांना माहीत असतं. शेवटीही एक टाळी वाजवायची असते, ती मात्र कुणी वाजवत नाही. ती नसेल तर चढण किती आहे ते झांज शोधत बसून काढावं लागतं. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज कितीही वाईट असला तरी बंद करू नका. वेगळा आवाज त्याच्यावरच बसवायचा असतो.

स्थिर फरक: अंतर

गच्चीवरून झूम करून घेतलेल्या गरब्यात आवाज नेहमीच उशिरा असतो. इथे मोबाइलचा काही दोष नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमला १४ मीटर. स्पीकर ४२ मीटरवर असेल तर आवाज ३ फ्रेम मागे. उघड्या डोळ्यांनी पाहताना अंतर दिसतं म्हणून खटकत नाही. झूम केल्यावर माणसं हाताच्या अंतरावर दिसतात आणि तीच तीन फ्रेम बोचतात. अख्ख्या क्लिपचा आवाज ३ फ्रेम लवकर, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे घ्या, झालं. मध्येच गच्चीवरून खाली उतरून चित्रण चालू ठेवलं असेल तर क्लिप तिथे कापा आणि दोन तुकडे वेगळे बसवा.

उलटा प्रकार साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेतला की होतो. तिथे अंतर शून्य, आवाज तारेतून येतो. पण नाचणारे स्पीकरपासून २० मीटरवर असतील तर त्यांना ठेका ५८ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि टाळीही तेवढीच उशिरा पडते. चित्रात मग आवाज दीड फ्रेम आधी वाटतो, आणि आधी आलेला आवाज जास्त खटकतो हे वर आलंच आहे. अशा वेळी गायकाच्या ओठांशी जुळवू नका, ओठ जवळून घेतलेला शॉट सोडून. बाकी सगळीकडे टाळीशी जुळवा. मोठ्या मैदानावर घेराच्या दोन टोकांच्या टाळ्या एकमेकींशीही जुळत नाहीत. ७० मीटर लांबच्या माणसाला ठेका ०.२ सेकंदांनी म्हणजे ५ फ्रेमनी उशिरा पोचतो. तिथे जुळवण्यासारखं काही नसतंच. चौकटीत जे सर्वांत मोठे दिसतात त्यांचे हात धरायचे. मिक्सरची तार रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’ मध्येच घाला, माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो आणि तो कशानेही शिवता येत नाही.

सॅम्पल रेट

हे क्वचित होतं आणि ओळखायला सोपं आहे. ४४.१ किलोहर्ट्झला घेतलेला आवाज सॉफ्टवेअरने ४८ समजून वाजवला की मिनिटाला जवळजवळ ५ सेकंद वाचतात आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतं, हार्मोनियमवाल्याला एका ओळीत कळतं. ऑडॅसिटीत फाइल आणून तिचा रेट ४४.१ आहे याची खात्री करा, प्रोजेक्टचा रेट ४८ करा, डब्ल्यूएव्ही म्हणून काढा आणि ती वापरा. रेकॉर्डर कायमचा ४८ वर ठेवला की हा विषय मिटला.

टीव्हीवरच बिघडतं तेव्हा

पेनड्राइव्हवरची फाइल लॅपटॉपवर बरोबर आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चुकीची असेल तर एडिटिंग पुन्हा उघडू नका. साउंडबार जोडलेला असला की आवाज त्याच्या वाटेने फिरून येतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असतं, तिथे दुरुस्त करा. नुसत्या टीव्हीच्या स्पीकरवर लावून पाहिलं की कोण चुकतंय ते लगेच समजतं.

एडिटिंग पुरं झाल्यावर लक्षात आलं तर

हा सर्वांत कटकटीचा प्रसंग. मूळ फाइल हँडब्रेकमधून काढून त्याच नावाने प्रोजेक्टला जोडावी असं वाटतं, पण तुमचे सगळे कट अस्थिर फाइलवर नजरेने मारलेले असतात. नवी फाइल जोडली की प्रत्येक कट थोडा-थोडा हलेल. वीसच्या आत कट असतील तर नव्या फाइलवर पुन्हा एडिट करणं हेच कमी वेळाचं. जास्त असतील तर चित्र तसंच ठेवा, चित्र आणि आवाज अनलिंक करा, आणि प्रत्येक कटच्या जागी आवाजही कापून तो तुकडा जवळच्या टाळीवर बसवा. कापलेल्या जागी दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत जातो, दुसरा चढत येतो) द्या, नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो. ठेका मध्येच तुटू नये म्हणून काप शक्यतो समेवर घ्या.

एकाच लांब शॉटच्या पोटात फरक बदलत असेल तर दर अर्ध्या-एक मिनिटाला असा काप लागतो आणि काही ठिकाणी काहीच बसत नाही. तेवढ्या जागी गाणं चालू ठेवा आणि वर दुसरं चित्र टाका: गोखल्यातला दिवा, वाऱ्यावर हलणारी माळ, ओट्यावर बसून बघणाऱ्या आजी. तोंड हलत नसेल आणि हात जुळत नसतील असं कुठलंही चित्र तिथे चालतं.